वाघाची सावली आणि माळावरचे ऊन

अर्थसंकल्प हे वाङ्मय नव्हे, हे उघड आहे. पण तो एक मजकूर असतो आणि मजकूर वाचणे हे आमचे काम आहे. एखाद्या कादंबरीत कोणत्या पात्राला किती पाने मिळाली, कोणते पात्र केवळ दार उघडून पाणी देण्यापुरते येऊन गेले, यावरून लेखकाच्या मनाचा कल कळतो. खर्चाच्या रकान्यांवरून राज्यसंस्थेच्या आणि तिला निवडून देणाऱ्या समाजाच्या मनाचा कल तसाच कळू शकतो. वन्यजीव संरक्षणावर होणाऱ्या खर्चाचे आकडे आम्ही वाचले ते या दृष्टीने. अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नाही. मराठी शिकवणारी माणसे शब्दांच्या मागे काय दडले आहे हे पाहण्याच्या सवयीची असतात. तीच सवय आम्ही आकड्यांना लावून पाहिली.

आकडे असे आहेत. 'वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास' या केंद्रपुरस्कृत योजनेसाठी २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांकरिता केंद्राचा वाटा म्हणून १७३१.७२ कोटी रुपये मंजूर झाले. त्यांतील ११४३ कोटी व्याघ्र प्रकल्पासाठी, ९२.२२ कोटी हत्ती प्रकल्पासाठी आणि ४९६.५० कोटी अन्य वन्यजीव अधिवासांसाठी होते. म्हणजे शंभरातले सहासष्ट रुपये एका प्राण्याच्या नावाने. उरलेल्यातले पाच हत्तीचे. आणि व्याघ्र प्रकल्पांत न मोडणारी देशभरची अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने, संरक्षित क्षेत्रांच्या बाहेरचे वन्यजीव आणि विनाशाच्या कड्यावर पोचलेल्या प्रजातींना सावरण्याचे कार्यक्रम या सगळ्यांना मिळून सुमारे एकोणतीस. पुढे २०२३ मध्ये व्याघ्र आणि हत्ती हे दोन्ही प्रकल्प एकत्र करण्यात आले. मान मात्र त्याच दोन नावांचा राहिला.

वाघाविषयी आमची काही तक्रार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशात नऊ राखीव क्षेत्रे होती आणि मेळघाट हे त्यांतले एक होते. २०२५ पर्यंत ही संख्या ५८ वर गेली. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर अशी सहा आहेत. २००६ च्या गणनेत १४११ वर घसरलेला वाघांचा अंदाज २०२२ च्या गणनेत ३६८२ वर पोचला. मधल्या काळात राजस्थानातील सरिस्कासारखे अख्खे राखीव क्षेत्र वाघांविना ओस पडल्याचे २००५ मध्ये उघडकीस आले होते, हे लक्षात घेता हे यश आपोआप आलेले नाही. त्यामागे पैसा आहे, कायदा आहे आणि पावसाळ्यात चिखल तुडवत गस्त घालणारे वनरक्षक आहेत. वाघाला मिळालेला रुपया वाया गेला, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

शिवाय या वाटपाच्या समर्थनार्थ एक विचार मांडला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. वाघाला 'छत्री प्रजाती' म्हणतात. वाघ राखायचा तर हरिण राखावे लागते, हरिण राखायचे तर जंगल, आणि जंगल राखले की त्यातून उगम पावणाऱ्या नद्याही राहतात. एका वाघाच्या छत्रीखाली हजारो लहानमोठे जीव सुखाने नांदतात. मेळघाटात किंवा ताडोबात हे खरेही आहे. प्रश्न एवढाच, की छत्री जिथे उघडलेली आहे तिथेच तिचा उपयोग. जिथे वाघ नाही आणि कधी येणारही नाही, तिथल्या जीवांनी कोणाच्या छत्रीखाली उभे राहावे?

हा प्रश्न आम्हांला सुचला तो सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळामुळे. पावसाच्या छायेतला हा प्रदेश. उथळ माती, मधूनमधून मुरूम, दूरवर एखादी बाभूळ आणि पावसानंतर गुडघ्याएवढे वाढणारे गवत. मेंढपाळाला विचारले तर तो 'गवत' असा एकच शब्द वापरत नाही. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी अशी नावे घेतो आणि कोणते मेंढराला केव्हा चालते तेही सांगतो. या माळावर माळढोक राहतो. उंच, जड, मान ताठ ठेवून सावकाश चालणारा पक्षी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याला झाडी नको असते, लांबवर दिसणारे मोकळे रान हवे असते. आपल्याला जे 'काहीच नाही' असे दिसते, ते त्याचे घर आहे.

एके काळी हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे सालिम अली यांनी सुचवले होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावाचे स्पेलिंग जरा चुकले तर शिवी होईल, या धास्तीने तो मागे पडला अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ती टिकून राहिली आहे, यात एक अर्थ आहे. एखाद्या जीवाचे भाग्य त्याच्या नावावर ठरू शकते, हे लोकांना अशक्य वाटत नाही. माळढोक हे त्याचे मराठी नाव अगदी सरळ आहे, त्याच्या घराचा पत्ता सांगणारे. पण त्या वेळी ते कोण विचारात घेणार?

१९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर होते. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यात गावे होती, शेते होती, रस्ते होते, बाजार होते. प्रत्यक्ष गवताळ रान त्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. कागदावर एवढा विस्तार आणि तो सांभाळायला लागणारी माणसे व पैसा यांचा मेळ कधीच बसला नाही. बंधने मात्र आली. जमिनीचा व्यवहार करायचा, काही बांधायचे, तर परवानगीचा प्रश्न उभा राहू लागला. त्या काळात वर्गात या पक्ष्याचा विषय निघाला की शेतकरी घरांतून आलेली मुले गप्प होत. एकदा एका मुलाने उभे राहून म्हटले होते, "सर, आमच्या रानात माळढोक कधी आला नाही, पण आमच्या सात-बारावर येऊन बसला." वर्ग हसला. आम्हांला ते वाक्य विसरता आले नाही.

त्या वाक्यात निधीवाटपाची एक बाजू आहे आणि ती वातानुकूलित चर्चांमध्ये सहसा येत नाही. पैशावाचून केलेले संरक्षण फुकट पडत नाही. त्याची किंमत त्या जागी राहणारा गरीब माणूस देतो. वाघाच्या बाबतीत पुनर्वसनाला, नुकसानभरपाईला, गावाला गॅस जोडण्या देण्याला, पर्यटनातून रोजगार उभा करायला काही ना काही तरतूद होत गेली. ती पुरेशी होती असे नाही, पण होती. माळाच्या वाट्याला बंदी आली आणि मोबदला आला नाही. परिणामी लोकांना पक्षीच वैरी वाटू लागला. २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षी अगदी विरळ झाले होते. अलीकडच्या वर्षांत नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी ती वर्तमानपत्राची बातमी होते.

संपूर्ण देशात माळढोकांची संख्या आज दीडशेहून कमी मानली जाते आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. २०११ पासून जागतिक पातळीवर त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. वाघाचे स्थान त्याहून एक पायरी अलीकडचे, 'संकटग्रस्त'. समोरचे नीट न दिसणारी नजर आणि जड शरीर यांमुळे हा पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सौरऊर्जा हवी की माळढोक, असा पेच तिथे उभा राहिला. जंगलातून तारा न्यायच्या असत्या तर हा पेच अधिक लोकांना अस्वस्थ करून गेला असता, असे आम्हांला वाटते. माळावरून तारा नेताना कोणाचे काही जाते आहे, हेच मुळी जाणवत नाही.

पैसा आला तर काय होते, याचेही उदाहरण याच पक्ष्याचे आहे. २०१६ मध्ये माळढोकाच्या अधिवास-सुधारणेसाठी आणि संवर्धन-प्रजननासाठी ३३.८५ कोटी रुपये मंजूर झाले. २०१९ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे रानातली अंडी आणून पिल्ले वाढवायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्माला आले. काही वर्षांसाठी मिळून दिलेली ही रक्कम वाघाच्या तीन वर्षांच्या तरतुदीच्या शेकडा तीनच भरते. तेवढ्यातही एका प्रजातीच्या जगण्याची आशा निर्माण झाली. हीच रक्कम चाळीस वर्षे आधी आली असती तर ती कदाचित नान्नजलाही पुरली असती.

ती का आली नाही? इथे आम्ही आमच्या विषयाकडे वळतो, कारण उत्तराचा एक भाग भाषेत आहे असे आमचे मत आहे. प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही एकदा प्राण्यांवरून आलेले वाक्प्रचार आणि म्हणी लिहून आणायला सांगितले. याद्या आल्या त्या वाचण्यासारख्या होत्या. वाघाचे काळीज, वाघाचा बच्चा, वाघीण. पराक्रम तेवढा वाघाच्या नावे. गिधाड म्हणजे मेल्या टाळूवरचे लोणी खाणारा माणूस. लांडगा म्हणजे लबाड. घुबड म्हणजे अपशकुन. सरडा रंग बदलतो आणि त्याची धाव कुंपणापर्यंत. बेडूक विहिरीतच राहतो आणि फुगून फुटतो. माळढोक एकाही यादीत नव्हता. वाघाला तर देवपण आहे. वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारस आहे, देवीच्या पायाशी तोच बसलेला आहे. एवढ्या शतकांची पुण्याई पाठीशी असलेला प्राणी निधीच्या रांगेत पुढे उभा राहिला तर नवल नाही. सरकारी खजिन्यातून पैसा वाटला जाण्याच्या कितीतरी आधी भाषेने माया वाटून टाकलेली असते.

जमिनीच्या बाबतीतही तेच. 'रान' म्हटले की मराठी मन हळवे होते. 'माळ' म्हटले की उजाड, ओसाड, वैराण ही विशेषणे पाठोपाठ येतात. सरकारी भाषेने त्याला 'पडीक' म्हटले. देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले, त्यांत गवताळ प्रदेशांचा मोठा भाग पडला. जे पडीक ते सुधारले पाहिजे, आणि सुधारणा म्हणजे झाडे लावणे, ही पुढची पायरी आपोआप आली. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प जाहीर झाला होता. हेतूविषयी शंका नाही. पण मोकळी जागा शोधणाऱ्या फावड्याला पहिल्यांदा दिसतो तो माळ. जिथे पक्ष्याला मोकळेपणा हवा आणि मेंढराला चारा हवा, तिथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात आणि त्या खर्चाची नोंद पर्यावरणाच्या खात्यावर होते. नान्नजच्या वाटेवर भेटलेल्या एका वयस्क मेंढपाळाने हे आमच्यापेक्षा थोडक्यात सांगितले : "झाड लावलं की फोटू निघतोय सर, गवताचा फोटू कोण काढतंय?"

आपल्या साहित्याने माळाला अगदीच दूर ठेवले असे मात्र नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये आली ती माणदेशाच्या कोरड्या रानाची आणि तिथल्या धनगरांची कादंबरी होती. मूळचे सोलापूरचे आणि जून २०२५ मध्ये तिथेच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी मराठीला 'पक्षिकोश' दिला, पाखरांना त्यांची नावे परत मिळवून दिली. ही परंपरा आहे. तिचे बोट धरून समाजाची दृष्टी पुरेशी पुढे गेली नाही, एवढेच म्हणायचे आहे.

ज्यांच्यावर माया नाही त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तर बिघडते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मुळावर आल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर गावोगावच्या ढोरफोडीच्या जागा सुन्या झाल्या होत्या. मेलेली गुरे सडत राहिली, कुत्री वाढली, पाणी बिघडले. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२४ मध्ये एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला. ज्याचे नाव आपण शिवीसारखे वापरतो, तो पक्षी एवढ्या माणसांना जगवत होता.

हा कल केवळ आपला आहे असे समजण्याचे कारण नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचवीस वर्षांतल्या जगभरच्या सुमारे १४,६०० संवर्धन प्रकल्पांचा हिशेब मांडला आहे. निधीपैकी जवळजवळ ८३ टक्के पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना मिळाला. वनस्पतींना ६.६ टक्के, कणा नसलेल्या प्राण्यांनाही तेवढाच. बुरशी आणि शैवाल यांना मिळून ०.२ टक्क्यांहून कमी. आणि सुमारे २९ टक्के निधी अशा प्रजातींवर गेला, ज्यांच्याविषयी तूर्त फारशी चिंता नाही असे तज्ज्ञ स्वतःच म्हणतात. बेडकांसारख्या उभयचरांच्या दर पाच प्रजातींपैकी दोन नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत, असे २०२३ च्या जागतिक आढाव्याने सांगितले. निधीत त्यांचा वाटा नगण्य आहे.

आपल्या आंबोलीत अशीच एक भेकाची जात आहे. पावसाळ्यात सड्यावर साचणाऱ्या तात्पुरत्या डबक्यांत ती अंडी घालते. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले आणि अंगावरच्या पट्ट्यांमुळे तिला 'टायग्रिना' हे नाव दिले. वाघाचे नाव मिळाले, पण वाघाचे नशीब मिळाले नाही. अतिसंकटग्रस्त असलेला हा जीव पर्यटकांच्या गाड्यांखाली रस्त्यावर चिरडला जातो. वाहने थोपवणारे एक फाटक, पावसाच्या चार महिन्यांसाठी नेमलेले दोन पहारेकरी, एवढ्याने त्याचे कितीतरी भले होईल. कोट्यवधींची गरजच नाही.

पैसा पैशाला ओढतो, ही म्हण या क्षेत्रातही खरी ठरते. २००६ च्या कायदादुरुस्तीने वाघासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचे प्रतिष्ठान मिळाले. पर्यटनाचे उत्पन्न त्यातून तिथेच वापरता येते. नियमित गणना होते, गणनेतून माहिती मिळते, माहितीतून नवा प्रस्ताव तयार होतो. माळाकडे यांतले काहीच नाही. मोजले नाही म्हणून माहीत नाही, माहीत नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून तरतूद नाही. हे चक्र कोणा दुष्ट माणसाने फिरवलेले नाही, म्हणूनच ते थांबवायला कोणी पुढे येत नाही.

वाघाच्या ताटातले काढून माळढोकाला द्या, असे आम्ही सुचवत नाही. दोन उपेक्षितांनी एका घासासाठी भांडावे, तशातला तो प्रकार होईल. कारण एकूण ताटच लहान आहे. पण यापुढे जो रुपया वाढेल तो वाटताना तीन प्रश्न विचारले जावेत. हा जीव किंवा हा अधिवास किती धोक्यात आहे? तो दुसऱ्या कोणाच्या छत्रीखाली येतो का? आणि त्याला राखण्याचा भार कोणावर पडतो, त्याला मोबदला मिळतो का? या कसोट्यांवर गवताळ माळ पहिल्या रांगेत येतो. माळ राखायला कुंपण आणि बंदी पुरत नाही. चराईची पाळी ठरवणारा मेंढपाळ, ज्वारीचे पीक घेणारा शेतकरी यांना सोबत घ्यावे लागते. त्यांना वर्षाकाठी काही रक्कम मिळाली, तर सात-बारावर बसलेला पक्षी त्यांना ओझे वाटणार नाही.

आम्ही ज्या जिल्ह्यांच्या आसपास शिकवतो तिथल्या मुलांना आता माळढोक दाखवता येईल याची खात्री उरलेली नाही. शब्द अजून आहे. मुले तो विचारतात, आम्ही फळ्यावर लिहितो, चित्र दाखवतो. शब्दकोशात काही नोंदी अशा असतात की ज्यांच्यापुढे केवळ 'एक पक्षी', 'एक वनस्पती' एवढेच लिहिलेले असते. कोशकाराच्या काळीच ती वस्तू कोणाच्या पाहण्यात राहिलेली नसते. माळढोकाची नोंद त्या जातीची व्हायला फार वर्षे लागणार नाहीत. पुढच्या अर्थसंकल्पात माळाच्या नावाने एक वेगळी ओळ आली, तरच ती टळू शकेल.